जावई, मावशी आणि सहा स्क्रू: स्टेशन ४ च्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२५, सोमवार

आजपासून ही वही सुरू. काम असं: भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ऑइल पंपाची असेंब्ली लाइन आहे, तिच्यातल्या स्टेशन ४ वर कोबॉट बसवायचा. कोबॉट म्हणजे पिंजऱ्याबाहेरचा रोबो, माणसाच्या शेजारी उभा राहून काम करणारा. पंपाच्या झाकणाला एम६ चे सहा स्क्रू लागतात, प्रत्येकी १० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर. सध्या ते हवेच्या गनने माणूस मारतो. माणूस म्हणजे बहुतेक वेळा बाई. या स्टेशनवर आलटूनपालटून आठ जण असतात, त्यांत सहा बायका.

हिशेब: सकाळी आठ ते साडेचार, त्यातून जेवण आणि दोन चहा वजा केले की ४६० मिनिटं उरतात. टार्गेट ६०० पंपांचं. म्हणजे दर ४६ सेकंदांना एक पंप आणि एका पाळीत ३,६०० स्क्रू. प्रत्येक स्क्रू आवळला गेला की गन मनगटाला एक झटका देते. ३,६०० झटके.

साहेबांनी काढलेल्या कागदावर उद्देश असा आहे: ‘मनुष्यबळ कमी करणे व गुणवत्ता वाढवणे.’ मी त्याखाली ‘खांदे वाचवणे’ असं लिहून ठेवलं. पेन्सिलीने, कारण अजून सही झालेली नाही.

१६ जुलै, बुधवार

दोन दिवस स्टेशनपाशी स्टूल टाकून बसले आहे. पहिल्या दिवशी सगळे माझ्याकडे बघून काम करत होते, त्यामुळे त्या दिवसाची मापं फाडून टाकली. आज जरा विसरले मला.

स्टेशनवर सगळ्यांत जुन्या त्या मावशी. अठरा वर्षं याच लाइनवर. त्यांना विचारलं, दिवसाअखेर कुठे दुखतं? मला वाटलं खांदा किंवा मनगट सांगतील. त्यांनी कंबरेवर हात ठेवला. कास्टिंगचा, म्हणजे पंपाच्या ओतीव भागांचा क्रेट जमिनीवर असतो, १६ किलोचा. तो वाकून, वळून टेबलाशेजारी आणायचा, पाळीत वीसपंचवीस वेळा. ‘स्क्रूचं काय, हात चालतोच. क्रेट जीव घेतो.’

एनआयओएसएच या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं वजन उचलण्याचं समीकरण सगळं अनुकूल असताना जास्तीत जास्त २३ किलो धरतं: ओझं अंगाशी, कंबरेच्या जरा खाली, न वळता. जमिनीवरून वळत उचललं की तो आकडा झपाट्याने खाली येतो. आमचे १६ किलो त्यात बसत नाहीत, हे कॅल्क्युलेटर न काढताही कळत होतं. तरी काढला. बसत नाहीत.

म्हणजे लाखो रुपयांचा रोबो ज्या दुखण्यासाठी आणायचा, त्याहून मोठं दुखणं त्याच्या दोन फूट डावीकडे जमिनीवर पडलंय. स्प्रिंगवर वर येणाऱ्या ट्रॉलीचं कोटेशन मागवलं. क्रेट रिकामा होत जाईल तसा तो वर येत राहतो. रोबोच्या किमतीपुढे चहापाण्याचा खर्च.

२२ जुलै, मंगळवार

आठही जणांच्या कोपराची उंची मोजली. सगळ्यांत कमी ९३ सेंमी, सगळ्यांत जास्त १०९. टेबल १०२ वर पक्कं वेल्ड केलेलं. विचारलं, १०२ कुठून आलं? मेंटेनन्सचे काका म्हणाले, ‘जुन्या फोरमनना बरं पडत होतं.’ ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.

रुला पद्धतीने उजव्या हाताचे गुण काढले. ही पद्धत १९९३ची, नॉटिंगहॅम विद्यापीठातली. मान, पाठ, खांदा आणि मनगट यांचे कोन बघून १ ते ७ गुण द्यायचे, ७ म्हणजे आत्ताच्या आत्ता बदला. गन स्प्रिंगवर टांगलेली असूनही उंचीने लहान असलेल्या ताईंचा हात खांद्याच्या वर जातो. त्यांना ६. उंच दादांना ४. स्टेशन तेच, गन तीच, गुण वेगळे. हँडल फिरवून वरखाली होणारं टेबल हवं, असं लिहून दिलं.

३० जुलै, बुधवार

चहाच्या वेळी सगळ्यांना एकत्र बसवलं. लॅपटॉप मुद्दाम नेला नाही. पहिला प्रश्न एका कंत्राटी ताईंचा: ‘रोबो आला की कोण जाणार?’

असा प्रश्न आला की इंजिनिअर लोक जे उत्तर देतात तेच माझ्या तोंडात आलं होतं, की कोणी जाणार नाही, कामं बदलतील वगैरे. गिळलं. कारण ते ठरवणं माझ्या हातात नाही. म्हटलं, मी साहेबांकडून लेखी आणते, तोवर ‘माहीत नाही’ हेच उत्तर.

मावशींनी विषय बदलला. त्यांची पुतणी चाकणच्या बजाज ऑटोत आहे, तिथे कोबॉट बऱ्याच वर्षांपासून आहेत. ‘ती म्हणते, हात लावला की थांबतो.’ मग दहा मिनिटं फक्त हेच: किती जोरात लावायचा, पदर लागला तर थांबतो का, बांगडी अडकली तर. हे सगळं लिहून घेतलं. सुरक्षेच्या चेकलिस्टमध्ये बांगडी हा शब्द मला अजून भेटलेला नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

साहेबांचं पत्र मिळालं. कायम कामगारांपैकी या प्रकल्पामुळे कोणालाही कमी केलं जाणार नाही. कंत्राटी तीन जणांबद्दल: ‘मार्च २०२६ पर्यंत आहे तसे.’ पुढचं विचारलं, तर म्हणाले, बघू. पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं, ‘बघू’सकट.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सेफ्टीच्या सरांशी दोन तास. त्यांनी कारखाना अधिनियम, १९४८ उघडूनच ठेवला होता. कलम २१: यंत्राच्या धोकादायक भागाला भक्कम कुंपण. ‘मॅडम, तुमच्या यंत्राला कुंपणच नाही. इन्स्पेक्टर आले तर मी काय दाखवू?’

त्यांचं चुकत नाही. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की एखाद्या भागाची जागा किंवा बनावटच अशी असेल की कुंपण असताना जितका सुरक्षित तितकाच तो कुंपणाशिवायही सुरक्षित, तर चालतं. म्हणजे कुंपण नको असेल तर तितकीच सुरक्षितता सिद्ध करून दाखवायची जबाबदारी आमची. हे मला आवडलं. ‘विक्रेत्याने सांगितलं सेफ आहे’ याने काम भागणार नाही.

रोबोंसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०२१८. त्याची २०११ नंतर थेट यंदा नवी आवृत्ती आली आणि माणसाशेजारी काम करणाऱ्या रोबोंसाठीचं २०१६ चं टीएस १५०६६ तिच्यात सामावून घेतलं. नव्या आवृत्तीत ‘सहयोगी’ हे विशेषण रोबोला लावलेलं नाही, ते त्याच्याकडून जे काम करून घेतो त्याला लावलंय. किती साधी गोष्ट आहे: रोबोचा आर्म, म्हणजे हात, कितीही मऊ असो, त्याच्या हातात सुरी दिली तर तो सुरी धरलेला आर्म आहे. आमच्या आर्मच्या हातात स्क्रू आवळणारा, फिरणारा बिट असणार.

१४ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवारची सुट्टी, लाइन बंद, म्हणून खडूने जमिनीवर आखून बघितलं.

पहिला पर्याय: जमिनीलगत लेझर स्कॅनर, माणूस जवळ आला की रोबो थांबणार. अंतराचा हिशेब ठरलेला आहे. माणसाचा चालण्याचा वेग १.६ मीटर प्रतिसेकंद धरायचा. आमचा रोबो आणि स्कॅनर मिळून थांबायला ०.६ सेकंद, म्हणजे ९६० मिमी. स्कॅनर २०० मिमी उंचीवर असेल तर हात पुढे येण्याची वाढीव तरतूद १,१२० मिमी. एकूण २,०८० मिमी. खडूची रेघ मागच्या पॅसेजच्या पलीकडे गेली. तिथून दर दोन मिनिटांना ट्रॉली जाते. म्हणजे रोबो दिवसभर ट्रॉल्यांना सलाम करत थांबणार. शिवाय आमचा माणूस रोबोपासून दोन मीटरवर नाहीच, दोन वीत अंतरावर आहे.

दुसरा पर्याय, तोच घेतला: ताकद आणि वेगच इतके मर्यादित ठेवायचे की धडक बसली तरी इजा होऊ नये. मानकात शरीराच्या भागांनुसार मर्यादा आहेत. हात आणि बोटं अडकून दाबली गेली तर १४० न्यूटन, नुसता क्षणिक धक्का असेल तर २८०. १४० न्यूटन म्हणजे साधारण १४ किलोचं ओझं हातावर ठेवल्यासारखं. चेहरा अडकून दाबला गेला तर मर्यादा ६५ न्यूटन. क्षणिक धक्क्यासाठी मात्र चेहऱ्याला आणि कवटीला आकडाच दिलेला नाही, कारण तिथे धक्का बसता कामा नये.

इथेच अडकले. मावशी दर पंपाला टेबलावर वाकून झाकणाच्या खाचेत बघतात. डोकं थेट तिथेच जातं जिथे उद्या आर्म असेल.

१८ ऑगस्ट, सोमवार

मावशींना विचारलं, वाकून काय बघता? ‘रिंग.’ रबरी ओ-रिंग खाचेत पीळ पडून बसली, तर झाकण वरून नीट दिसतं, पण पंप दोन महिन्यांनी गळतो. आणि त्या बघत नाहीत तितकं, अंगठा फिरवतात. पीळ असेल तिथे अंगठ्याला गाठ लागते. बघतात कारण दिवा मागून आहे आणि स्वतःच्याच हाताची सावली खाचेत पडते. चष्म्याचा नंबरही बदललाय, हे त्यांनी हळूच सांगितलं.

प्रोसेस शीटमध्ये फक्त ‘ओ-रिंग बसवणे’ एवढंच आहे. अंगठा कुठेच नाही.

उपाय: दिवा पुढे, बाजूने तिरपा. फिक्श्चर, म्हणजे पंप धरून ठेवणारी बैठक, १५ अंश माणसाकडे कललेलं. डोकं आत घालायचं कारणच काढून घ्यायचं. ‘रोबोच्या कक्षेत वाकू नये’ असा बोर्ड लावा, असं सेफ्टीचे सर म्हणत होते. बोर्ड वाचायला लोक आणखी पुढे वाकतील, म्हटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

गणपती झाले, विसर्जन झालं, रोबो आला. बसवणारा मुलगा हुशार आहे, पण त्याला सगळं वेगात करून दाखवायची हौस. त्यांच्या ऑफिसात सहा स्क्रू २९ सेकंदांत झाले होते, तो व्हिडिओ त्याने साहेबांना आधीच पाठवलाय. हे निस्तरावं लागणार.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

धडकेचं बल मोजलं. मोजायचं यंत्र म्हणजे एक प्रकारचा खोटा हात: आत ७५ न्यूटन प्रति मिमी कडकपणाची स्प्रिंग, वर रबर. हाताच्या जागी ठेवायचं आणि रोबोला धडकू द्यायचं. फिक्श्चरच्या कडेशी पहिली धडक: १९० न्यूटन. १४०च्या कितीतरी वर. रोबो बसवणाऱ्या दादाचा चेहरा उतरला.

तीन गोष्टी बदलल्या. फिक्श्चरजवळचा वेग कमी केला. उतरण्याची दिशा बदलली, म्हणजे आर्म आणि कड यांच्यात हात सापडण्याची फटच राहिली नाही. आणि बिटवर स्प्रिंगची बाही चढवली: हवेत असताना बिट पूर्ण झाकलेला, झाकणावर टेकला की बाही मागे सरते आणि बिट स्क्रूला भिडतो. बांगडी, ओढणी, बोट, काहीही फिरत्या बिटापर्यंत पोहोचत नाही. नवं माप: ११८.

आता सहा स्क्रूंना २९ ऐवजी ३८ सेकंद लागतात. व्हिडिओवाला आकडा गेला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहिला दिवस. काम असं मांडलं होतं: बाईने पंप फिक्श्चरमध्ये ठेवायचा, रोबोने सहा स्क्रू मारायचे, बाईने काढून पुढे द्यायचा. ठेवणं-काढणं ९ सेकंद. ३८ अधिक ९, सत्तेचाळीस. लाइनचा ताल शेहेचाळीस.

एका सेकंदाचाच फरक, घासून निघेल, असं मी स्वतःच म्हटलं होतं. हे माझ्या नावावर लिहून ठेवते. दादाने कंट्रोलरमध्ये एक भोंगा टाकला: जॉब वेळेत बसला नाही की पीं-पीं. तो भोंगा दिवसभर वाजला. एक सेकंद वाचवायचा म्हणजे माणसाने नऊचं काम आठमध्ये करायचं, ६०० वेळा. कंबर सुटली, खांदा सुटला आणि धाप लागली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

या आठवड्यात ११ पंपांचे आटे गेले. हाताने काम होतं तेव्हा आठवड्यात एखाददुसरा जायचा. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, स्क्रू लोखंडी. स्क्रू जरा तिरका शिरला की आटा कापत जातो आणि टॉर्क मात्र बरोबर दाखवतो, म्हणून यंत्राला कळतही नाही.

दादाने दोन दिवस कोन तपासले. कॅमेरा लावू म्हणाला. दुपारी मावशी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘अहो, तो आधी उलटा फिरवत नाही.’

‘उलटा?’

‘बरणीचं फिरकीचं झाकण कसं लावता? आधी थोडं उलटं फिरवायचं. टक् होतं. मग सुलट.’

दादाने माझ्याकडे बघितलं. उलट फिरवलं की स्क्रूचं पहिलं टोक आट्याच्या कडेवरून घसरून खाली पडतं, तो ‘टक्’. त्या क्षणी स्क्रू बरोबर तोंडाशी असतो. अठरा वर्षं त्या गनचं बटण दाबायच्या आधी बोटाने हेच करत होत्या. माझ्या दोन दिवसांच्या निरीक्षणात ते ‘स्क्रू ठेवणे, १ सेकंद’ म्हणून नोंदलं गेलंय.

संध्याकाळी प्रोग्राम बदलला: हलक्या दाबाने एक फेरा उलटा, मग सुलट, आणि पहिल्या दोन फेऱ्यांतच टॉर्क चढला तर थांबून मागे. पन्नास जॉब मारले, एकही आटा गेला नाही. स्क्रूमागे अर्धा सेकंद वाढला. ३८ चे ४१ झाले. ४१ अधिक ९, पन्नास. घासून निघण्याचा प्रश्नच मिटला. मांडणीच चुकली आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

रोबोचं नाव पडलंय: जावई. मला वाटलं कौतुकाने. मग कळलं का ते.

‘आधी मी पंप बनवत होते,’ मावशी म्हणाल्या. ‘आता मी याला वाढते. ताट ठेवा, थांबा, ताट उचला. आणि जरा उशीर झाला की भोंगा. जावयाला तरी वर्षातून दोनदा वाढायचं असतं.’

हसलो सगळे. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. मनगटाचे झटके गेले, हे खरं. त्याबरोबर स्टेशनवरचं जे काम जाणतेपणाचं होतं तेही गेलं आणि उरली हमाली, तीही दुसऱ्याच्या वेळापत्रकावर. कोण कोणासाठी थांबतंय, हे मी आखताना विचारलंच नव्हतं. वेळेच्या आलेखावर रोबोची पट्टी अखंड होती आणि माणसाची तुकड्यातुकड्यांची. रोबो रिकामा राहू नये हे मी न सांगताच गृहीत धरलं होतं. महाग आहे म्हणून.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सुट्टी. जुनं वाचत बसले. ‘कोबॉट’ हा शब्द १९९६च्या सुमाराचा, अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला. कल्पना तिथल्या एडवर्ड कोलगेट आणि मायकेल पेश्किन यांची. त्यांच्या सुरुवातीच्या कोबॉटना स्वतः हलण्याची ताकदच नव्हती. ढकलायचं माणसाने, यंत्र फक्त चाकं वळवून वाट धरून ठेवणार: मोटारीचं दार काढताना कुठे घासू नये म्हणून. म्हणजे वेग माणसाच्या हातात आणि नेमकेपणा यंत्राचा. आज आपण ज्याला कोबॉट म्हणतो त्याला मोटर आहे, तो आपल्या वेगाने चालतो. नाव तेच राहिलं, लगाम मात्र हातातून गेला.

लगाम परत कसा द्यायचा, यावर चार पानं खरडली. तीन फाडली.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा आणि गांधी जयंती, कारखाना बंद, म्हणून खंडेनवमीलाच पूजा. सगळ्या यंत्रांना झेंडूचे हार. जावयाला मोठा हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग कोणीतरी म्हणालं, चालवून दाखवा. दोन हात हलला आणि थांबला, लाल दिवा. आर्मच्या टोकाला वजन किती आहे हे त्याला सांगितलेलं असतं. त्याहून जास्त ओढ लागली की त्याला वाटतं कोणीतरी धरलंय. झेंडूच्या हाराने धरलं होतं.

‘लाजला,’ मेंटेनन्सचे काका म्हणाले. हार खाली पायथ्याला बांधला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नवी मांडणी. काकांनी आणि मी मिळून भंगारातल्या रोलरचा उतरता रूळ केला. माणूस आणि रोबो यांच्यामध्ये चार फिक्श्चर रांगेत उभी राहतात, रोबोच्या पुढेही चार. माणूस आपल्या टेबलावर पूर्ण पंप जुळवतो: रोटर, ओ-रिंग, अंगठा, झाकण. मग रुळावर सोडतो. रोबो आपल्या सोयीने उचलतो, सहा स्क्रू मारतो, पुढे सोडतो. तिथून पंप वळसा घेऊन पुन्हा माणसाकडेच येतो, शाफ्ट हाताने फिरवून बघायला. शाफ्ट कुठे जड जातो का हे सेन्सरने बघता येईल, असं दादा म्हणाला. येईल. पण ‘आपण बनवलेला पंप फिरतो’ हे ज्याने बनवला त्याच्या हाताला कळू दे, एवढं मी हट्टाने ठेवलं.

आकडे: रोबो ४१, अधिक फिक्श्चर बदलायला ३, एकूण ४४. माणूस ३८. दोन्ही ४६ च्या आत, आणि एकमेकांना बांधलेले नाहीत. रूळ भरलेला असेल तर चार जॉब म्हणजे जवळजवळ तीन मिनिटं. पाणी प्यावं, पाठ मोकळी करावी, शेजारणीशी बोलावं. रोबो चालू राहतो.

भोंगा काढला. वायर कापून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, म्हणजे कोणी परत जोडणार नाही.

साहेबांनी विचारलं, तीन मिनिटं माणूस रिकामा? म्हटलं, रोज दुपारी तीननंतर रिजेक्शन का वाढतं ते या रुळाने कळेल. दोन आठवडे द्या.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीची घाई, ओव्हरटाइम. पूर्ण आठवडा ६००च्या वर. आटा गेलेला एक. तीननंतरची वाढ निम्म्याने कमी. यातलं किती रुळामुळे आणि किती बोनसच्या आनंदामुळे, हे नोव्हेंबरात कळेल.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आता उलटीच काळजी. पहिल्या आठवड्यात हे लोक रोबोपासून हातभर लांब उभे राहायचे. आज बघते तर आर्मच्या कोपरावर कोणाची तरी डब्याची पिशवी अडकवलेली. आणि एक दादा, पडलेला स्क्रू चालू आर्मच्या खालून हात घालून काढत होते. विचारलं तर म्हणाले, ‘थांबतो की तो.’

थांबतो. पण आम्ही मोजलं ते हातासाठी, आणि ठरावीक जागी. त्या कोपऱ्यात वाकल्यावर डोकं खाली येतं. ओरडले नाही, ओरडून फायदा नसतो. स्क्रू पडतो का, ते बघितलं. रोबोला स्क्रू पुरवणाऱ्या फीडरच्या तोंडाशी दोन मिमीची फट होती, तिथून दिवसाला पाचसात पडायचे. फट बुजवली, खाली तिरपा पत्रा लावला, पडलेला स्क्रू घरंगळत माणसाच्या बाजूच्या वाटीत येतो. पिशवीसाठी खुंटी ठोकली. आधीच ठोकायला हवी होती. पिशवी कुठेतरी अडकणारच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मावशी आणि ती कंत्राटी ताई, दोघींना टीच पेंडंट, म्हणजे रोबोला काम शिकवायचा हातातला पडदा, वापरायला शिकवलं. आर्म हाताने धरून नवी जागा दाखवायची, बिंदू साठवायचा. पडद्यावरचे निरोप इंग्रजीत, म्हणून नेहमी येणाऱ्या चौदा निरोपांचा मराठी तक्ता शेजारी लावला. ‘प्रोटेक्टिव्ह स्टॉप’पुढे मी ‘संरक्षक थांबा’ लिहिलं होतं. ताईंनी ते खोडून लिहिलं: ‘काहीतरी अडलंय, आधी बघा.’ तेच ठेवलं.

ताई पटकन शिकल्या. मावशींनी दुसऱ्या दिवशीचं शिकवणं मुद्दाम टाळलं. ‘मला जेवढं लागतं तेवढं आलं.’ सगळ्यांनी सगळं शिकलंच पाहिजे, असा माझा आग्रह होता. सोडला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रुलाचे गुण पुन्हा काढले, काल चालू लाइनवर घेतलेल्या फोटोंवरून. लहान चणीच्या ताई ६ वरून ३. उंच दादा ४ वरून ३. टेबल दर पाळीला खरंच वरखाली केलं जातं का, याची शंका होती. हँडलला ग्रीसचा हात लागलेला दिसला, म्हणजे फिरतंय. मावशींची कंबर: ‘बरी.’ त्याचं श्रेय ट्रॉलीचं, रोबोचं नाही. अहवालात तसंच लिहिलं. साहेबांनी ते वाक्य खाली सरकवलं, पण काढलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी हवेच्या लाइनचा पाइप फुटला. फीडर बंद, जावई बंद. जुनी गन मी सप्टेंबरातच काढून टाकणार होते, जागा अडवते म्हणून. मावशींनी काढू दिली नव्हती. पण गनही हवेवरच चालते, तेव्हा तिचाही उपयोग शून्य. मग मावशींनी टेबलाखालून हाताचा टॉर्क पाना काढला, कापडात गुंडाळलेला. काकांनी पाइप जोडेपर्यंत ५० मिनिटं त्या आणि ताई दोघी मिळून स्क्रू मारत होत्या, उलटा, टक्, सुलट. एकवीस पंप झाले. पाना कॅलिब्रेशनच्या यादीत नव्हता, म्हणून ते एकवीस बाजूला ठेवून पुन्हा तपासावे लागले. सगळे पास.

पाना यादीत घेतला. त्याला भिंतीवर जागा आणि नंबर दिला.

बाकी कामं: बिटच्या बाहीची स्प्रिंग दर महिन्याला बदलायची, पहिली १ डिसेंबरला. फिक्श्चरचा कल बदललाय, त्यामुळे धडकेचं बल पुन्हा मोजायचं, सेफ्टीच्या सरांसमोर. दुसऱ्या पाळीच्या दिव्याची सावली अजून आहे. मार्चनंतरचं कंत्राटी तिघांचं पत्र: आज तिसऱ्यांदा विचारलं. अजून नाही.